टेहळणीची स्थाने आणि त्यांची शब्दसृष्टी
(शिरूर व दौंड तालुक्यांतील जतनकार्याच्या निमित्ताने)

१

अमेरिकेच्या पश्चिम भागातील पर्वतशिखरांवर लाकडी किंवा पोलादी खांबांवर उभारलेल्या, चोहो बाजूंनी काचा बसविलेल्या लहानशा खोल्या आजही आढळतात. वणव्याची पहिली धूररेषा दिसताच तिची वर्दी द्यावी, एवढ्याच हेतूने त्या बांधण्यात आल्या होत्या. १९१० च्या ऑगस्ट महिन्यात, २० व २१ या दोन दिवसांत, आयडाहो, माँटॅना व वॉशिंग्टन या राज्यांतील सुमारे ३० लाख एकर अरण्य जळाले आणि ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या आपत्तीनंतर अशा मनोऱ्यांची साखळी वेगाने वाढली. १९३० नंतरच्या दशकात बेकार तरुणांना काम देणाऱ्या सरकारी योजनेने तिच्यात मोठी भर घातली. मनोऱ्यातील खोलीच्या मध्यभागी एक वर्तुळाकार नकाशा बसविलेला असे. त्याच्याभोवती फिरणाऱ्या दर्शकातून धुराकडे पाहिले की दिशेचा अंश कळे. दोन शिखरांवरील टेहळ्यांनी कळविलेल्या दिशारेषा जेथे एकमेकींना छेदतील तेथे आग, असे हे साधे भूमितीचे गणित होते.

पुढे विमाने आली, नंतर कॅमेरे आणि उपग्रह आले. मनोऱ्यांची गरज कमी होत गेली आणि पुष्कळसे पाडले गेले किंवा मोडून पडले. जे उरले त्यांच्या रक्षणासाठी १९९० मध्ये तेथे एक स्वयंसेवी संघटना स्थापन झाली. तिचे सभासद सुट्टीच्या दिवसांत डोंगर चढतात, कुजलेल्या तुळया बदलतात, छपरे नीट करतात. काही ठिकाणी तर ते आगीच्या ऋतूत स्वतः मनोऱ्यात बसून टेहळणीही करतात.

भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष येथे एका गोष्टीकडे जाते. इंग्रजीतील 'लुकआउट' हा एकच शब्द त्या जागेला, त्या जागी बसणाऱ्या माणसाला आणि त्याच्या कामालाही लावला जातो. मराठीत हे तीन अर्थ वेगळे राहतात : काम ती टेहळणी, माणूस तो टेहळ्या, आणि जागा मात्र बुरूज, चौकी, मेट, माळा अशी निरनिराळ्या नावांची. शब्द असे म्हणून विचार तसा, असा ठोकळ सिद्धांत येथे मांडावयाचा नाही. परंतु आपल्याकडील जतनकार्यात जी उणीव दिसते ती या भेदाच्या साहाय्याने चांगली समजावून देता येते. आपण जागा वाचवू लागलो आहोत. काम आणि माणूस यांची नोंद मात्र मागेच राहिली आहे. आणि ती नोंद मुख्यतः शब्दांत आहे.

२

शिरूर आणि दौंड हे तालुके अरण्याचे नव्हेत. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा प्रदेश. उत्तरेस कुकडी व घोड, मध्यातून भीमा, दक्षिणेकडे भुलेश्वरची डोंगररांग, आणि यांच्या दरम्यान पसरलेली माळराने, असे त्याचे स्थूल स्वरूप सांगता येईल. बाभूळ, बोर, हिवर ही येथील झाडे आणि कुसळ, पवन्या, शेडा ही गवते. अमेरिकेतील मनोऱ्याचा जुळा भाऊ येथे शोधू गेल्यास निराशा पदरी येईल. मात्र उंचावर बसून दूरवर पाहणे आणि पाहिलेले इतरांना कळविणे, हे ज्याचे प्रयोजन अशी स्थाने येथे कमी नव्हती. त्यांचे ढोबळमानाने तीन वर्ग करता येतील.

पहिला वर्ग शेतातील माळ्याचा. ज्वारी-बाजरीचे पीक दाण्यावर आले की शेताच्या मध्यावर चार मेढी रोवून, त्यांवर आडव्या फळ्या वा काटक्या टाकून माळा घालीत. राखणदार त्यावर बसून गोफणीने पाखरे उडवी, आणि रात्री रानडुकरांची व चोरांची चाहूल घेई. दुसरा वर्ग गावाच्या बुरुजांचा. गढीच्या कोपऱ्यावरील किंवा वेशीजवळील हे बुरूज खाली दगडी व वर पांढऱ्या मातीचे असत. तिसरा वर्ग किल्ल्यांचा. यवतजवळ भुलेश्वरच्या डोंगरावर आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने १७ व्या शतकात उभारलेल्या दौलतमंगळ किल्ल्याचे अवशेष आहेत. स्थान म्हणून तो पुरंदर तालुक्यात मोडत असला तरी त्याची नजर दौंडच्या मैदानावर आहे. तसेच भीमेच्या उत्तर तीरावर, श्रीगोंदे तालुक्यात, पेडगावचा बहादूरगड आहे. मोगल सुभेदार बहादूरखान याच्या छावणीमुळे त्यास ते नाव मिळाले. त्याची तटबंदी दौंडच्या बाजूने येणारी नदीची वाट राखीत होती.

या तिन्ही वर्गांत एक समान सूत्र आहे. टेहळणीचे स्थान एकटे कधीच पुरे पडत नाही. त्यास उंची, मोकळी दृष्टी, जागता माणूस आणि संदेशाची वाट, या चारही गोष्टी लागतात. अमेरिकेतील मनोऱ्यास दूरध्वनीची तार होती. माळ्यावरील राखणदारास हाळी आणि बुरुजावरील पहारेकऱ्यास शिंग किंवा नगारा होता. यांतील एकही अंग गळाले की उरते ती नुसती उंच वास्तू.

३

आता या स्थानांच्या नावांकडे वळू.

'वणवा' या शब्दापासून आरंभ करणे सोयीचे होईल. संस्कृतात 'दव' आणि 'दाव' या शब्दांना अरण्य आणि अरण्यातील आग असे दोन्ही अर्थ अमरकोशाने दिले आहेत. 'वनदव' या समासातील स्वरमध्यस्थ 'न'चा 'ण' झाला, 'द' लोपला आणि 'वणवा' सिद्ध झाला. पानीय-पाणी, जन-जण या जोड्यांत दिसणारा हाच ध्वनिनियम आहे. मेळघाटात मात्र जंगलाच्या आगीस 'अंगार' म्हणतात. एकाच भाषेच्या दोन टोकांस एकाच संकटाची दोन नावे असावीत, आणि प्रमाण कोशाने त्यांतील एकच नाव त्या अर्थाने ओळखावे, ही स्थिती पुढील विवेचनातही वारंवार भेटेल.

'माळा' या शब्दाचा आजच्या शहरी वाचकास परिचित असलेला अर्थ म्हणजे घरातील पोटमाळा किंवा इमारतीचा मजला. शेतातील राखणीचा मंच हा त्याचा जुना अर्थ मोल्सवर्थच्या कोशकाळी प्रचारात होता. 'माळ' म्हणजे उंचवट्याची मोकळी जमीन. संस्कृतात 'माल' हा शब्द या अर्थाने कालिदासाच्या मेघदूतात येतो. माळावरचा माळा, अशी ही जवळीक मोहात पाडणारी असली तरी केवळ ध्वनिसाम्यावरून दोहोंचे मूळ एक ठरविण्याची घाई विद्यार्थ्यांनी करू नये. दोहोंत उंचीची कल्पना समान आहे, एवढेच निश्चयाने म्हणता येते.

'माचा', 'माची' आणि 'मचाण' हे तिन्ही शब्द 'मञ्च' या मूळाकडे नेता येतात. त्यांपैकी माचा अंथरुणाखाली राहिला, माची किल्ल्यावर गेली, आणि मचाण शिकाऱ्याच्या व वनखात्याच्या वाट्यास आले. एकाच धातूची नाणी तीन बाजारांत चालावीत, तसा हा प्रकार आहे.

'बुरूज' हा अरबी 'बुर्ज' फारसीच्या मार्गे मराठीत आला. अरबीत त्याचा अर्थ मनोरा आणि आकाशातील रास असाही आहे. तो येण्यापूर्वी मराठीत या अर्थाचा शब्दच नव्हता असे नाही. 'हुडा' हा शब्द जुन्या मराठीत बुरुजासाठी येतो. उत्तर कर्नाटकात गावच्या गोल बुरुजास आजही 'हुडे' म्हणतात आणि तो आपल्या हुड्याचा निकटचा आप्त आहे. राजदरबाराच्या भाषेतून आलेल्या बुरुजाने हुड्यास मागे सारले. पण पूर्णपणे नाहीसे केले नाही. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशाच्या १० वर्गांत एक स्वतंत्र दुर्गवर्ग आहे. दुर्गाची परिभाषा ही राज्यकारभाराच्या चिंतेचा विषय होऊ शकते, याची ती साक्ष आहे.

'पहारा' हा 'प्रहर' या कालवाचक शब्दापासून आला आहे. काळाचे माप रक्षणाच्या कामाचे नाव झाले. अर्थविस्ताराचे याहून स्वच्छ उदाहरण वर्गात सांगण्यास मिळणे कठीण.

शेवटी 'मेट'. डोंगरी किल्ल्याच्या उतारावर, वाटेच्या नाक्यावर बसविलेल्या पहाऱ्याच्या जागेस मेट म्हणत आणि तेथील माणसांस मेटकरी. शिरूर-दौंडच्या सपाटीवर हा शब्द नाही, हे त्याच्या अर्थास अनुसरूनच आहे. सह्याद्रीत मात्र तोरण्याच्या परिसरात मेटपिलावरे, महाबळेश्वराजवळ मेटगुताड व मेटतळे, त्र्यंबकेश्वरापाशी मेटघर अशी ग्रामनामे आहेत. चौकी गेली, शिबंदी गेली, वेतन गेले. शब्द मात्र गावाच्या नावात दडून राहिला. ग्रामनामांची पाहणी हा भाषाशास्त्राचा भाग का मानावा, याचे उत्तर या नावांत आहे.

४

या जागांवर बसणारा माणूस कोण होता? पुणे प्रांतातील गावगाड्यात जागल्या आणि रामोशी यांच्याकडे हे काम असे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे. किल्ल्यांच्या घेऱ्यातील पहाऱ्याचे हक्कही रामोशी व कोळी यांच्यासारख्या जमातींकडे होते. १८१८ नंतर इंग्रजांनी किल्ल्यांची शिबंदी मोडली आणि हे हक्क संपुष्टात आले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी गेलेल्या उमाजी नाईकांच्या उठावामागे या हक्कांचा लोप हे एक प्रमुख कारण होते. गावपातळीवरील वतने त्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिली. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली.

या बदलाबद्दल हळहळ व्यक्त करण्याचे कारण नाही. ज्या व्यवस्थेत जागण्याचे काम जन्माने वाट्यास येत होते आणि जागणाऱ्यास गावात मान मात्र नव्हता, ती व्यवस्था जाणेच इष्ट होते. परंतु व्यवस्था जाताना तिच्यातील ज्ञान आणि त्या ज्ञानाची भाषाही अन्यायाबरोबर टाकून दिली गेली. धूर शेकोटीचा की गवताचा, हे त्याच्या रंगावरून ओळखणे. टिटवीच्या ओरडण्यावरून माणसाची चाहूल घेणे. अंधारात कोणत्या दिशेची कुत्री आधी भुंकली हे ध्यानात ठेवणे. यांस विद्या म्हणण्याची आपली प्रथा नव्हती. त्यामुळे ती कोणी लिहून ठेवली नाही.

शेतातील माळा मोडला त्याची कारणे निराळी आहेत. घोड नदीवरील चिंचणीचे धरण, चासकमानचे पाणी, खडकवासल्याचा कालवा यांनी या तालुक्यांचा मोठा भाग ओलिताखाली आणला आणि ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस आला. उसावर पाखरे बसत नाहीत. म्हणून गोफण नको, म्हणून माळाही नको. एका पिकाबरोबर एक वास्तुप्रकार आणि त्याचा शब्दसमूह गेला. 'माळा घालणे', 'माळ्यावर जाणे', 'राखणीला बसणे' यांपैकी अखेरचा प्रयोग तेवढा रुळलेला राहिला आहे.

५

महाराष्ट्रात गडकोटांच्या जतनासाठी झटणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचे कार्य गेल्या काही दशकांत पुष्कळ वाढले आहे. सह्याद्री प्रतिष्ठानसारख्या संस्थांनी किल्ल्यांना लाकडी दरवाजे बसविणे, दरीत पडलेल्या तोफा वर आणून गाड्यांवर चढविणे, टाकी गाळमुक्त करणे अशी कामे श्रमदानाने केली आहेत. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा समावेश जागतिक वारसा यादीत केला. त्यांतील ११ महाराष्ट्रातील आहेत. शिरूर-दौंडमधील एकही स्थान त्या यादीत नाही, आणि असावे अशी अपेक्षाही नाही. या भागातील गावोगावचे एकाकी बुरूज कोणत्याच यादीत नसतात. त्यांना वाली असतो तो फक्त गावातील उत्साही तरुणांचा गट.

अशा कामात तंत्राचे एक पथ्य महत्त्वाचे आहे. जुन्या बांधकामातील चुना हा विरवलेली कळी व वाळू घाण्यात मळून, त्यात गूळ, हिरडा, बेलफळ यांचे पाणी घालून केलेला असे. तो ओलावा शोषतो आणि परत सोडतो. सिमेंट ओलावा कोंडून ठेवते. मग पाणी दगडातून वाट काढते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. पांढऱ्या मातीच्या बुरुजावर सिमेंटचा गिलावा चढविणे तर त्याहून घातक. कवच टिकते आणि आतील माती वाहून जाते. तेव्हा मातीची दुरुस्ती मातीने आणि चुन्याची चुन्याने करावी, हा नियम. शिवाय केंद्र-संरक्षित स्मारकाच्या १०० मीटरच्या आत बांधकामास मनाई आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियमन आहे. राज्य-संरक्षित स्मारकांस १९६० चा महाराष्ट्राचा कायदा लागू होतो. असंरक्षित बुरुजास असे कवच नाही, म्हणून तेथे स्वयंसेवकाची जबाबदारी अधिक.

तंत्राचे हे पथ्य आता बऱ्याच गटांना कळू लागले आहे. शब्दांच्या बाबतीत मात्र अजून कोणतेही पथ्य पाळले जात नाही. दौंड तालुक्यातील एका गावी तरुणांनी गढीच्या एकमेव उरलेल्या बुरुजावरील पिंपळाची मुळे मोठ्या कष्टाने काढली, ढासळलेले चिरे पुन्हा बसविले आणि दर्शनी बाजूस फलक लावला. फलकावर 'वॉच टॉवर' असे देवनागरीत लिहिले होते. मी तेथे उभा असता एक वृद्ध गृहस्थ आले. "बाबा, याला तुम्ही काय म्हणत होता?" असे विचारताच ते म्हणाले, "याला हुडा म्हणायचे. माझे वडील म्हणायचे, हुड्यावर जाऊन बघ, गुरं कुठवर गेलीत." फलक लावणाऱ्या तरुणांनी तो शब्द त्या दिवशी प्रथम ऐकला. त्यांची अनास्था नव्हती. उलट ते खजील झाले. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते, आणि ज्यांनी सांगावयाचे ते आपण विद्यापीठात बसून कोशांतील नोंदी तपासत होतो.

त्या एका वाक्यात भाषाभ्यासकास किती सामग्री मिळाली, हे पाहावे. शब्द मिळाला, तो नेहमीच्या बोलण्यात चालत होता याचा पुरावा मिळाला, आणि बुरुजाचा उपयोग शत्रूच्या टेहळणीपुरता नसून गुरे पाहण्यासाठीही होता, ही वास्तूच्या इतिहासातील माहिती मिळाली. फलकावर 'हुडा' हा शब्द असता तर पाहणारा विचारता झाला असता. 'वॉच टॉवर' या शब्दांनी विचारण्याचे कारणच उरत नाही.

६

कोणी म्हणेल की टेहळणीचे युगच संपले. आता शब्द जपून काय साधणार? या आक्षेपाचे उत्तर माळरानच देते.

भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या आधारे वणव्याच्या सूचना देते. २०१७ पासून त्यासाठी अधिक सूक्ष्म अशा नव्या संवेदकाचाही उपयोग होतो. त्याचा एक चित्रबिंदू सुमारे ३७५ मीटरचा आहे आणि उपग्रह एका जागेवरून दिवसातून मोजक्याच वेळा जातो. अरण्यातील वणवा दिवसेंदिवस जळतो, म्हणून तो सापडतो. कुसळीच्या माळावरील आग मात्र वाऱ्याबरोबर तास-दोन तासांत सारे गिळून विझते. दोन फेऱ्यांच्या मध्ये लागून विझलेल्या अशा आगीची आकाशात नोंदच होत नाही. तेवढ्या वेळात लांडग्याची पिले, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी आणि मेंढपाळाचा उन्हाळ्याचा चारा नष्ट होतो. येथे जवळचा डोळाच उपयोगी पडतो. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने वनात हक्क असणाऱ्यांवर आगीची वर्दी देण्याचे व ती विझविण्यास मदत करण्याचे बंधन घातले आहे. कायद्यानेही अखेरीस भरवसा ठेवला तो पाहणाऱ्या माणसावर.

आणखी एक घटना लक्षात घेण्याजोगी आहे. शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर वाढल्यापासून गावे पुन्हा रात्री जागू लागली आहेत. ज्या उसाने माळा मोडला त्याच उसाने जागल्याची गरज परत आणली. या नव्या जागण्याचे शब्द कोणते, जुने किती परतले आणि नवे किती घडले, हा आजचा, डोळ्यांसमोर चाललेला भाषिक प्रयोग आहे. त्याची नोंद आता केली नाही तर पुढील पिढीतील संशोधकास तीही अनुमानाने करावी लागेल.

७

या विवेचनावरून दोन सूचना सुचतात. पहिली स्वयंसेवकांना : वास्तूस हात लावण्यापूर्वी गावातील वृद्ध स्त्री-पुरुषांस तिचे नाव विचारावे, ते जसे उच्चारले तसे लिहावे, आणि फलकावर प्रथम तेच द्यावे. त्याबरोबर वास्तूवरून पूर्वी काय काय दिसे हेही विचारावे. बुरुजासमोर पाण्याची टाकी उभी राहिली तर चिरे शाबूत असूनही त्याची दृष्टी गेलेली असते.

दुसरी सूचना आपल्या विभागातील विद्यार्थ्यांना. अशा श्रमदानास आपणही जावे. एका हाती घमेले आणि दुसऱ्या हाती वही असावी. वहीत चार रकाने पुरेत : जागेचे नाव, तेथे बसणाऱ्याचे नाव, त्याच्या कामाची क्रियापदे, आणि त्याने वर्दी देण्याची रीत. स्त्रियांना विचारण्यास विसरू नये. पाखरे राखण्याचे काम बहुतेक घरांत त्यांच्याकडे व मुलांकडे असे, आणि माळ्याचा शब्दसमूह त्यांच्याच तोंडी अधिक टिकलेला आढळेल. मोल्सवर्थने १८३१ मध्ये आपला कोश प्रसिद्ध केला तो गावोगावचे शब्द वेचूनच. त्यानंतरचा महाराष्ट्र शब्दकोशही १९३८ पर्यंत पूर्ण झाला. तेव्हा जी माणसे हे शब्द नित्य वापरीत होती त्यांची नातवंडे आज सत्तरीच्या पुढे आहेत.

ढासळलेला चिरा पुन्हा बसविता येतो, कारण तो तेथेच खाली पडलेला असतो. शब्दाचे तसे नाही. तो ज्याच्या तोंडी आहे त्याच्याकडे आपण जावयास हवे, आणि हा उन्हाळा त्यासाठी सोयीचा आहे.